बैरूतचं प्रयोगशील संगीत आणि नेपथ्य: आवाज ठेवायचा कुठे?

खर्जातला (धागाकर्ता)

अरब संगीत म्हटलं की आपल्याकडची चर्चा गायिका उम्म कुल्सुम आणि ऊद हे तंतुवाद्य यांच्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. गेल्या पंचवीसेक वर्षांत बैरूत, कैरो, शारजा इथे जे चाललंय त्यात एक गोष्ट लक्षात येते. तिथे नेपथ्य आणि ध्वनी ही दोन वेगळी खाती राहिलेली नाहीत. लाउडस्पीकर विंगेत लपवत नाहीत, पात्र म्हणून समोर मांडतात. टेबल, टेलिफोन, जमीन, काहीही वाद्य होतं.

ठळक उदाहरण म्हणजे बैरूतचे नाटककार राबिह मरूए आणि लीना साने यांचा २०१२ चा प्रयोग '३३ आरपीएम अँड अ फ्यू सेकंड्स'. रंगमंचावर नट एकही नाही. आत्महत्या केलेल्या तरुण कार्यकर्त्याची खोली आहे, तीत टीव्ही, रेकॉर्ड प्लेअर, टेलिफोनचं आन्सरिंग मशीन, मोबाइल, संगणक. पडद्यावर त्याचं फेसबुक पान, आणि त्यावर ओळखीचे-अनोळखी लोक लिहीतच राहतात. माणूस गेला तरी यंत्रांचं चालूच.

आस्वादपर लेख बरेच सापडतील, तो विषय इथे नको. असं नेपथ्य उभारताना आवाज नेमका कुठून काढायचा, काय बिघडतं आणि का, हे जाणकारांनी लिहावं.

दुसरी घंटा

सोप्यापासून सुरुवात करू. टेलिफोन वाजतो तेव्हा आवाज टेलिफोनमधूनच आला पाहिजे. सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून आला की खेळ खलास, कारण नट नसलेल्या रंगमंचावर प्रेक्षकाची नजर फक्त आवाजामागे जाते. प्रत्येक यंत्राच्या पोटात किंवा बुडाशी ३ इंची फुल रेंज स्पीकर, आणि प्रत्येकाला स्वतंत्र चॅनल. पाच यंत्रं म्हणजे पाच आउटपुट, सभागृहाचे दोन धरून सात. आठ आउटपुटच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (संगणकातला आवाज बाहेर काढणारा डबा) हे बसतं.

सभागृह मोठं असेल तर शेवटच्या रांगेत तो छोटा स्पीकर पोचत नाही. मग मोठ्या स्पीकरची थोडी मदत घ्यावी, पण ती उशिराने. आवाजाला दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. टेलिफोन मुख्य स्पीकरांच्या ६ मीटर मागे असेल तर १८ मिलिसेकंद, शिवाय वर १० ते १५ मिलिसेकंद. कान पहिल्यांदा पोचलेल्या आवाजाची दिशा धरतो, नंतर आलेला आवाज थोडा मोठा असला तरी दिशा बदलत नाही. मात्र मदतीचा आवाज टेलिफोनपेक्षा १० डेसिबलच्या वर गेला की ही फसवणूक उघडी पडते. शब्दांना ३० मिलिसेकंदांच्या पुढची जादा देरी चालत नाही, आवाज दुहेरी ऐकू येतो.

खरी घंटा हवी असेल तर जुन्या टेलिफोनला ७५ ते ९० व्होल्ट, २५ हर्ट्झच्या आसपासचा प्रत्यावर्ती (एसी) वीजप्रवाह लागतो. त्याचा तयार रिंग जनरेटर मिळतो. ही वायर मायक्रोफोनच्या केबलबरोबर एका पट्टीत ओढू नये, घंटा सगळीकडे ऐकू येईल. आणि प्रयोग चालू असताना तिला हात लावू नये, झटका चांगलाच बसतो.

रेकॉर्ड प्लेअरचं वेगळं दुखणं. ३३⅓ फेऱ्या मिनिटाला म्हणजे एक फेरी १.८ सेकंदांची. सुई रोज त्याच क्षणी त्याच खाचेत ठेवणं माणसाच्या हातातलं नाही, आणि इथे तर ठेवायला माणूसही नाही. रेकॉर्ड नुसती फिरती ठेवा, सूर संगणकातून सोडा, स्पीकर प्लेअरच्या खाली. खरीच वाजवायची असेल तर सबवूफरचा हादरा सुईत जाऊन घुमायला लागतो. खाली २० मिलिमीटरचा कडप्पा, त्याखाली रबराचे चार तुकडे, आणि मिक्सरवर ३५ हर्ट्झच्या खालचं कापून टाका.

जोडाक्षर

पडद्यावरच्या मजकुराबद्दल कोणी लिहीत नाही, पण या प्रकारच्या प्रयोगात अर्धं नाटक तिथेच असतं. अरबी उजवीकडून डावीकडे जाते आणि बहुतेक अक्षराची चार रूपं असतात: सुटं, सुरुवातीचं, मधलं, शेवटचं. प्रोजेक्शनच्या पुष्कळ सॉफ्टवेअरना ही जोडणी येत नाही. मग अक्षरं सुटी सुटी आणि उलट्या क्रमाने उमटतात. अरबी न येणाऱ्या ऑपरेटरला त्यात काही चुकलंय हे कळतही नाही. देवनागरीत 'कि'ची वेलांटी 'क'च्या मागे जाऊन पडते, तोच रोग.

उपाय एकच. मजकूर जिवंत टाइप म्हणून पाठवायचाच नाही. संपूर्ण पान आधी चित्र किंवा व्हिडिओ करून घ्यायचं. फेसबुकसारखं सरकतं पान असेल तर एक लांब उभी प्रतिमा करून ती सरकवा, म्हणजे वेग हातात राहतो. अनुवादाच्या ओळी वेगळ्या थरावर, एका वेळी दोनच, सेकंदाला १२ ते १५ अक्षरांच्या हिशोबाने.

कातरवेळ

मूळ लेखात एक दुरुस्ती. 'गेल्या पंचवीसेक वर्षांत' वाचून हे सगळं परवा परवा सुरू झालं असं वाटेल. कैरोत हलीम अल-दब्ब यांनी १९४४ साली झार या विधीतला बायकांचा आवाज वायर रेकॉर्डरवर टिपला. झार म्हणजे अंगात आलेल्या 'वाऱ्याला' गाण्या-नाचण्याने शांत करायचा विधी, आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. मग रेडिओ केंद्राच्या स्टुडिओत त्यांनी त्यावर प्रतिध्वनी आणि फेरमुद्रण यांचे संस्कार केले. भिंती सरकवता येतील अशी खोली वापरून घुमारा कमी-जास्त केला. शब्द विरले, वरचे नाद तेवढे उरले. मुद्रित आवाजांतून संगीत रचण्यासाठी ओळखले जाणारे पिएर शेफेर यांचे पॅरिसमधले आगगाडीच्या आवाजांचे प्रयोग १९४८ चे. म्हणजे चार वर्षं नंतरचे.

नेपथ्याच्या धाग्यात हे का सांगतोय, तर सरकत्या भिंती हेच त्या रचनेचं मुख्य वाद्य होतं. आणि वायर रेकॉर्डरवर कापाकापी करायची म्हणजे केसाइतक्या बारीक पोलादी तारेला अक्षरशः गाठ मारावी लागे.

खर्जातला

दुरुस्ती मान्य. बैरूतपुरतं बोलायचं तर माझ्या डोक्यात 'इर्तिजाल' होतं. माझेन कर्बाज आणि शरीफ सहनावी यांनी २००० साली सुरू केलेला महोत्सव, नावाचा अर्थच 'उत्स्फूर्त रचना'. कर्बाज ट्रम्पेटला रबरी नळ्या जोडतात, त्याच्या भोंग्याच्या तोंडावर डबे-ताटल्या थरथरत ठेवतात. सहनावी गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांत काड्या खोचतात. हे आवाज इतके बारीक असतात की सभागृहात पोचवायचे कसे?

पितळी चकती

दोन रस्ते. पहिला, खोलीच लहान घ्या आणि माइक लावूच नका. अशा संगीताला ६० ते ८० माणसांची खोली, प्रेक्षक तिन्ही बाजूंनी, पहिली रांग दीड मीटरवर. हा ध्वनीचा निर्णय आहे आणि नेपथ्याचाही. एअर कंडिशनर बंद करा, त्याचा सुसाट आवाज ट्रम्पेटच्या फुंकरीसारखाच असतो, कान दोन्ही वेगळे करू शकत नाही.

दुसरा रस्ता पिझो, म्हणजे वाद्याच्या कंपाची वीज करणारा तुकडा. २७ मिलिमीटरची पितळी चकती, किंमत क्षुल्लक, आणि नव्वद टक्के लोक ती चुकीची लावतात. तिची कपॅसिटन्स साधारण २० नॅनोफॅरड. मिक्सरच्या १० किलोओहमच्या लाइन इनपुटला थेट जोडलीत तर ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळून जातं आणि वाद्य पत्र्याच्या डब्यासारखं ऐकू येतं. लोक म्हणतात पिझोचा आवाजच तसा. नाही हो. तीच चकती १ मेगाओहमच्या इनपुटला लावा, ती सीमा ८ हर्ट्झवर येते आणि गिटारचं लाकूड ऐकू येतं. म्हणून मध्ये ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) हवाच, आणि चकती ते डीआय केबल दीड मीटरच्या आत, शील्डवाली.

डाग देताना मधल्या पांढऱ्या भागावर तापता सोल्डर दोन सेकंदांहून जास्त टेकवू नका, वरचा चांदीचा थर उचकटतो. आणि वाद्यावर जोरात आघात होणार असेल तर डीआयवरचा २० डेसिबलचा पॅड (सिग्नल तेवढा कमी करणारं बटण) चालू ठेवा. पिझो एका टोल्याला कित्येक व्होल्ट फेकतो.

नदीकाठ

कर्बाजांचा विषय निघालाच आहे तर जुलै २००६ मधलं त्यांचं ध्वनिमुद्रण ऐकाच. बैरूतवर इस्रायली विमानं बॉम्ब टाकत असताना घराच्या बाल्कनीत वाजवलेलं ट्रम्पेट. स्फोटानंतर गाड्यांचे भोंगे आणि कुत्री. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की वादक बॉम्बशी स्पर्धा करत नाही. फुंकर, थेंब, शांतता. शहराला जागा सोडतो.

यावरून असंही वाटतं की हे सगळं सौंदर्यशास्त्र अभावातून आलं. वीज नाही, सभागृह नाही, म्हणून काडी आणि डबा.

दुसरी घंटा

हा समज जरा रोमँटिक आहे. विजेविना वाजवणं ही या लोकांची निवड आहे. वीज भरपूर असलेल्या युरोपातल्या मंचांवरही ते तसंच वाजवतात. अभावाने ठरवलं ते वेगळं, प्रकाशयोजना आणि प्रक्षेपण.

लेबनॉनमध्ये सरकारी वीज दिवसातून काही तास, २०२१ च्या इंधनटंचाईत पुष्कळ ठिकाणी दोनेक तासांवर आली. बाकी वेळ गल्लीतल्या खासगी जनरेटरची वर्गणी, तिला 'इश्तिराक' म्हणतात. ती अँपिअरमध्ये विकतात: ५, १०. आता गणित करा. १० अँपिअर गुणिले २२० व्होल्ट म्हणजे २,२०० वॅट. जुन्या पद्धतीचे १,००० वॅटचे दोनच पार लाइट (रंगमंचाचे झोतदिवे) लावले की संपलं. एलईडी पार ८० वॅटचे धरले तर बारा दिवे ९६० वॅट, लेझर प्रोजेक्टर ५००, संगणक-इंटरफेस-मिक्सर २५०, स्पीकर सरासरी ३००. बेरीज २,०१०. चहाची किटली लावली की फ्यूज उडणार.

सरकारी वीज जाऊन जनरेटर येईपर्यंतचा खंड भरून काढायला यूपीएस, पण सगळ्याला नाही. संगणक, इंटरफेस, मिक्सर आणि प्रोजेक्टर यांना फक्त. प्रोजेक्टर यूपीएसवर घालायचं कारण वेगळं: दिवा असलेला जुना प्रोजेक्टर एकदा विझला की थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, चार-पाच मिनिटं काळा पडदा. वरच्या हिशोबाने ७५० वॅट होतात, १,५०० व्हीएचा ऑनलाइन प्रकारचा यूपीएस पुरे. स्वस्त इन्व्हर्टर ज्यांची लहर चौकोनी असते ते ध्वनीला नकोत, गुणगुण थेट स्पीकरमध्ये येते.

आणि अर्थिंग. गुणगुण काढायला प्लगची अर्थची पिन तोडणारे महाभाग सगळ्या देशांत आहेत. ते करू नका. संगणकाच्या आउटपुटला ट्रान्सफॉर्मरवाला डीआय लावा, तेवढ्यानेच गुणगुण आणणारा अर्थचा लूप तुटतो.

पितळी चकती

यात एक भर. रेकॉर्ड प्लेअर जनरेटरवर चालवत असाल तर मोटर कुठली ते बघा. बेल्टच्या काही जुन्या यंत्रांत सिंक्रोनस मोटर असते, तिचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो. जनरेटर ५० ऐवजी ४९ हर्ट्झवर आला तर रेकॉर्ड दोन टक्के मंदावते, म्हणजे स्वर ३५ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की त्यातला एक म्हणजे सेंट) उतरतो. क्वार्ट्झ लॉकच्या डायरेक्ट ड्राइव्ह यंत्राला याने काही होत नाही.

गंमत म्हणजे १,५०० फेऱ्यांचा चार सिलिंडरचा डिझेल जनरेटर स्वतःही सेकंदाला ५० ठोके देतो. खाली रस्त्यावर अखंड खर्ज चालू असतो. आबेद कुबैसी (बुझुक हे लांब मानेचं तंतुवाद्य) आणि अली हौत (तालवाद्यं) यांची 'टू ऑर द ड्रॅगन' ही बैरूतची जोडी शहराचा हा कोलाहल बाहेर ठेवत नाही, आत घेते. धागाकर्त्यांना नावाप्रमाणे आवडेल.

खर्जातला

:) तंबोरा जुळवायला जनरेटर, छान. आता ध्वनिकलावंत तारेक अतुईंकडे वळू. जमीन वाद्य कशी होते?

रवा-मैदा

अतुई मूळचे बैरूतचे, राहतात पॅरिसमध्ये. 'विदिन' हा त्यांचा प्रकल्प शारजात सुरू झाला, अल अमल या कर्णबधिर मुलांच्या शाळेबरोबर, आणि २०१३ च्या शारजा बिनालेत मांडला गेला. पुढे २०१६ साली नॉर्वेत बर्गनला, एका बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत. प्रश्न साधा: ज्याला कानाने ऐकू येत नाही तो वाद्य कसं वाजवेल, आणि त्याच्याकडून ऐकणाऱ्यांनी काय शिकावं? म्हणून वाद्यं अशी की त्यांचा नाद हाताला, पाठीला, तळपायाला लागावा.

त्याच तत्त्वावर कंप पावणारी जमीन करायची तर:

१८ मिलिमीटर प्लायवूडचा ८ बाय ४ फुटी तक्ता, खाली सहा रबरी पाय, कडेने भिंतीपासून दोन बोटं मोकळी जागा. तक्त्याच्या पोटाला ५० वॅटचा, ४ ओहमचा बेस शेकर (आवाजाऐवजी हादरा देणारा स्पीकर) बोल्टने घट्ट. स्क्रू नको, तासाभरात सैल होतो. आणि बरोब्बर मध्यात लावू नका. तक्त्याच्या काही कंपनप्रकारांची स्तब्ध रेषा मध्यातूनच जाते, तिथे ढकललं तर ते प्रकार उठतच नाहीत. लांबी आणि रुंदी दोन्हींच्या एक तृतीयांशावर लावा. असे चार तक्ते असतील तर दोन-दोन शेकर सीरिजमध्ये आणि त्या दोन जोड्या पॅरलल, एकूण पुन्हा ४ ओहम, एकच ॲम्प्लिफायर चालतो. फिल्टर: २० हर्ट्झच्या खालचं काप, १५०च्या वरचं काप.

मग तक्त्यावर रवा पसरा आणि २० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळू चढत जाणारा स्वर (स्वीप) सोडा. रवा जिथे गोळा होतो ती मृत जागा, तिथे कोणाला बसवू नका. पण ही चाचणी रिकाम्या तक्त्याची. त्यावर माणूस बसला की सगळं बदलतं, म्हणून दुसरी फेरी ६० किलोच्या वाळूच्या गोण्या ठेवून.

काय बिघडतं: एक, खडखड. सैल वॉशर, प्लायच्या थरांतली पोकळी, खाली विसरलेली केबल. कर्णबधिर प्रेक्षकाला ती जाणवत नाही, ऐकणाऱ्याला फक्त तीच ऐकू येते. दोन, माइकचा स्टँड त्याच तक्त्यावर ठेवला की हुंकार सुरू. स्टँड बाहेर. तीन, खालच्या मजल्यावरचे लोक.

कातरवेळ

पण संगीत काय सोडायचं त्यात? नेहमीचा बेस सोडला तर मसाज खुर्ची होते.

रवा-मैदा

मुद्दा बरोबर आणि इथेच बहुतेक अनुकरणं फसतात. त्वचा २५० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तल्लख असते, १,००० च्या वर तिला काही कळत नाही. आणि जवळजवळचे दोन स्वर तिला वेगळे ओळखता येत नाहीत, राग आणि मकाम (अरब संगीतातले राग) सगळं वाया. तिला कळतं ते आघात, खरखर, हळूहळू चढणं, अचानक थांबणं. म्हणून चाल खाली पाठवू नये, वाद्याच्या जोराचा आलेख काढून त्याने ५०-६० हर्ट्झचा स्वर कमी-जास्त करावा. पंधरा मिनिटं सलग कंप दिला की त्वचा बधिरते, तेव्हा मधूनमधून वीसेक सेकंद पूर्ण थांबणं रचनेतच लिहावं. २५० हर्ट्झसाठी जमीन विसरा, हातात धरायची लहान फळी द्या, तिला छोटा एक्सायटर (फळीलाच थरथरवणारा स्पीकर).

नदीकाठ

आवाजाचा पुरावा म्हणून अभ्यास करणारे कलावंत लॉरेन्स अबू हमदान यांचं काम या चर्चेत यायला हवं. सीरियातल्या सैदनाया तुरुंगातून सुटलेल्यांच्या कानांच्या आठवणींवरून त्यांनी २०१६ साली फोरेन्सिक आर्किटेक्चर हा संशोधनगट आणि ॲम्नेस्टी ही मानवाधिकार संस्था यांच्याबरोबर इमारतीचा अंदाज बांधला, कारण कैद्यांना डोळ्यांवर पट्ट्या होत्या. तिथे बोलायला बंदी. २०११ नंतर कैदी ज्या पातळीवर कुजबुजायची हिंमत करू शकत होते ती १९ डेसिबलने खाली गेली, असं त्यांचं मोजमाप. अंधारी खोली, मिक्सर आणि आवाज, एवढ्यावर त्यांची या विषयावरची कलाकृती उभी आहे.

पितळी चकती

१९ डेसिबल म्हणजे ध्वनिदाब साधारण नवव्या हिश्शावर, शक्ती ऐंशीव्या. हे सभागृहात ऐकवायचं तर खोलीचा स्वतःचा आवाज २५ डेसिबलच्या खाली हवा. बाहेर रिक्षा चालू असताना ते कळणारच नाही. प्रोजेक्टरचा पंखासुद्धा ३० च्या वर जातो, तो काचेआड किंवा बाहेर.

त्यांच्याच 'इअरविटनेस इन्व्हेंटरी'त ९५ वस्तू आहेत. साक्षीदारांनी आवाज ज्या उपमांनी सांगितले, त्या उपमांच्या वस्तू. आकाशवाणीच्या श्रुतिकांची ध्वनिपरिणामांची खोली ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रकार लगेच कळेल, फक्त इथे नारळाच्या करवंट्या घोड्याऐवजी पुराव्यासाठी.

जोडाक्षर

सिंथवर (सिंथेसायझरवर) रास्त हा मकाम वाजवताना तिसरा स्वर बेसूर लागतो, हा प्रश्न खूप जण विचारतात, म्हणून थोडक्यात. रास्तचा तिसरा स्वर साधारण ३५० सेंटवर, आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये. शुद्ध गंधारापासून ५० सेंट खाली. मिडीचा (संगणक-सिंथ यांच्यातली संदेशांची भाषा) पिच बेंड, म्हणजे स्वर वर-खाली सरकवणारा आकडा, ±२ अर्धस्वरांच्या मर्यादेत असेल तर मध्य ८१९२, त्यातून २०४८ वजा, म्हणजे ६१४४. पण तीच फाइल एमपीई (प्रत्येक स्वराला वेगळं चॅनल देणारी मिडीची पद्धत) सिंथला दिली, जिथे मर्यादा ±४८ असते, तर तोच आकडा स्वराला एक पूर्ण सप्तक खाली नेतो. तिथे ८५ च वजा करायचे. शिवाय बेंड पूर्ण चॅनलला लागू होतो, दोन स्वर एकत्र वाजवायचे तर दोन चॅनल.

संगीतकार खय्याम अल्लामी यांनी २०२१ मध्ये 'लेइम्मा' आणि 'अपोटोम' ही ब्राउझरमधली साधनं आणली, त्यांत ही आकडेमोड करावी लागत नाही. आणि ३५० हा आकडा छापील. कैरोचा, हलबचा (अलेप्पोचा), बगदादचा रास्त वेगवेगळा लागतो. बुझुकचे पडदे सतारीसारखे सरकतात ते त्यासाठीच.

खर्जातला

रवा-मैदा, एक शंका. नाट्यगृहाच्या लाकडी रंगमंचावर तुमचा तक्ता ठेवला तर रबरी पाय पुरतील का, की संपूर्ण रंगमंचच बोलायला लागेल?

रवा-मैदा

बोलेल. लाकडी रंगमंच स्वतःच मोठा तक्ता असतो, खाली पोकळी. रबराची मऊशार जाडी महत्त्वाची, संख्या नव्हे. कठीण रबराचे सहा पाय ३० हर्ट्झला काहीच अडवत नाहीत. माणसांसकट तक्ता रबरावर दोन-तीन मिलिमीटर दबला पाहिजे, तेव्हा त्याची स्वतःची वारंवारता १० ते १२ हर्ट्झवर येते आणि वरचं अडतं. पट्टी घेऊन मोजा: रिकाम्या तक्त्याची उंची, मग चार माणसं बसवून. फरक एक मिलिमीटरच्या आत असेल तर रबर बदला. आणि बेसचा फेडर नेपथ्य लागल्यावर, प्रेक्षक खुर्च्यांवर यायच्या आधी, विंगेतल्या माणसाला पायाशी हात लावायला सांगून ठरवा.